चादरीचं दुसरं टोक

लाँड्रीच्या दारावर आठ महिन्यांपासून एक पुठ्ठा लटकत होता. त्यावर जाड अक्षरांत लिहिलं होतं, 'चादरी घेत नाही'. शर्ट घेतले जायचे, पँट्स घेतल्या जायच्या, भारीतले कोट घेतले जायचे. एका गृहस्थाच्या कुत्र्याचं स्वेटरसुद्धा एकदा घेतलं गेलं होतं. उशीची खोळ चालायची. चादर मात्र नाही म्हणजे नाही.

दुकानदाराला सगळा चौक 'कडक' म्हणायचा. इस्त्री कडक, कॉलर कडक आणि बोलणंही तसंच. दुकानाला लागून एक किल्लीवाला बसायचा, तो 'कडकराव' म्हणायचा. लेक 'बाबा' म्हणायची. 'अहो' म्हणणारी एकच होती, ती आठ महिन्यांपूर्वी गेली.

पुठ्ठ्याचं कारण तेच. शर्टाची घडी एकट्याला घालता येते, डबलच्या चादरीला दोन माणसं लागतात. कुणी म्हणेल, आम्ही तर घरी एकटेच घालतो, हनुवटीखाली धरून. घालत असतील. ती घरची घडी. लाँड्रीची घडी म्हणजे काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा, आणि मध्ये बोटभरही फुगा नाही. चौकापलीकडच्या लॉजच्या चादरी वर्षानुवर्षं यांच्याकडे यायच्या. रोजच्या चाळीस तरी. तो एका टोकाला, ती दुसऱ्या. एक झटका द्यायचा, चादर ताणायची, मग घडीवर घडी. तोंडाने एक शब्द लागायचा नाही. भांडण झालेलं असलं तरी चादरी थांबायच्या नाहीत. उलट त्या दिवशी झटका असा काही बसायचा की निम्म्या सुरकुत्या तिथेच पळायच्या.

गेली त्या दिवशी सकाळी तिने घरचीच चादर धुतली होती. दोरीवर टाकली, आत आली, 'जरा पडते' म्हणाली आणि पडली ती पडलीच. त्याने चहा केला होता. तो चहा नंतर कुणी ओतून दिला हेही त्याला आठवत नव्हतं.

चादर चार दिवस दोरीवरच होती. मग त्याने ती ओढून काढली, बोळा करून एका कापडी पिशवीत कोंबली आणि पिशवी इस्त्रीच्या टेबलाखाली ढकलून दिली. त्यानंतर ना त्याने ती पिशवी उघडली, ना दुसरी कुठली चादर हातात घेतली. लॉजच्या मॅनेजरला सांगून टाकलं, 'दुसरीकडे बघा.' मॅनेजर भला माणूस. म्हणाला, 'बघतो. पण तुमची जागा कुणाला कायमची देत नाही. सावरलात की हाक मारा.'

किल्लीवाल्याने मधे एकदा विषय काढून पाहिला होता.

"कडकराव, मी धरतो ना दुसरं टोक. मला कुठे दिवसभर गिऱ्हाईक असतं? लोक हल्ली किल्ल्या हरवत नाहीत, मोबाइल हरवतात."

"आधी आपले हात बघ," कडक म्हणाला होता. "त्या हातांनी चादर धरलीस तर ती परत भट्टीत टाकावी लागेल."

हात खरंच काळे होते. तेल आणि लोखंडाचा कीस वर्षानुवर्षं बोटांत मुरला होता. किल्लीवाल्याने हात पुढे-मागे करून पाहिले आणि खिशात घातले. विषय संपला.

पण लेकीकडचा विषय संपत नव्हता. तिचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, चादरी घेत नाही म्हणजे निम्मं काम गेलं. दिवसभर त्या दुकानात बसून करता तरी काय? आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. खिडकीतून झाडं दिसतात." जावईही चांगला. त्याने खोलीला रंग देऊन ठेवला होता. नाही म्हणायला कारणच सापडत नव्हतं, हीच पंचाईत होती. दुकान सोडवत नव्हतं, आणि चादरीशिवाय दुकान टिकत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "रविवारी ये. मग बघू." ती म्हणाली, "रविवारी येते. मोठी बॅग घेऊनच येते."

हे झालं बुधवारी. गुरुवारी सकाळी चौकात ती मुलगी आली.

पंचविशीची असेल. केस कानापर्यंत कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. चौकाच्या मधोमध फरशी घातलेली मोकळी जागा होती, तिथे ती उभी राहिली. दुकानाकडे पाठ होती. पिशवीतून तिने एक पांढरी चादर काढली, डबलची. दोन कोपरे दोन हातांत धरले, दोन जमिनीवर सोडले, आणि नुसती उभी.

कडकने शर्टावरची इस्त्री उचलून बाजूला ठेवली. धुतलेली पांढरी चादर आणि ती फरशीवर लोळतेय. असला प्रकार त्याने जन्मात पाहिला नव्हता.

"हिचा जोडीदार कुठे गेला?" त्याने विचारलं.

"आपला गेला असेल चहाला," किल्लीवाला म्हणाला.

जोडीदार काही आला नाही. त्याऐवजी रस्त्यावरचे लोक यायला लागले. कानाला फोन लावलेला एक साहेब थेट चादरीतच घुसला, फोनवर 'हो सर, हो सर' करत खालून वाकून पलीकडे निघाला आणि मागे वळून पाहिलंही नाही. एक बाई थांबून चादरीचा पोत चिमटीत धरून म्हणाली, "केवढ्याला दिली?" उत्तर आलं नाही तशी म्हणाली, "एवढी काही खास नाहीये," आणि गेली. कॉलेजच्या दोघी हसत हसत आल्या. एकीने टोक उचललं, दुसरीने मोबाइल धरला. घडी कसली, गाठोडंच झालं. मुलीने ते घेतलं, झटकून परत उघडलं आणि पुन्हा उभी राहिली.

मग वाहतुकीचा पोलीस आला. शिट्टी तोंडातून काढून त्याने तिच्याभोवती एक चक्कर मारली. समोर जमिनीवर काहीतरी होतं ते वाकून वाचलं. इकडून कडकला ते दिसत नव्हतं.

"मोर्चा आहे का?" पोलीस म्हणाला. "बाकीचे लोक कुठेत? आणि मागणी काय तुमची?"

मुलीने चादर थोडी पुढे केली, एवढंच. पोलिसाने इकडेतिकडे पाहिलं, शिट्टी खिशात टाकली आणि टोक उचललं. घडी वाकडी झाली, पण झाली. मुलीने ती घेतली, आणि पुन्हा झटकून उघडली.

आता कडकच्या ध्यानात आलं, निदान त्याला तसं वाटलं. ही पोर शिकाऊ आहे. कुठल्यातरी लाँड्रीत नवीन लागली असणार. मालकाने हाकलली असेल, 'धड घडी घालता येईपर्यंत तोंड दाखवू नको' म्हणून. घडी नीट बसत नाही म्हणून बिचारी परत परत उघडतेय. त्याने स्वतः शिकताना हेच केलं होतं. मनासारखी होईपर्यंत मोडायची आणि घालायची.

"पण शिकायचं तर जाणकाराकडे शिकावं ना," तो चिडून म्हणाला. "पोलिसाकडून घडी शिकतात होय?"

दिवसभर तो इस्त्री करत राहिला आणि दिवसभर त्याची नजर चौकात जात राहिली. संध्याकाळी कळलं की एका शर्टाची एकच बाही त्याने दोनदा केली आणि दुसरी तशीच राहिली.

शुक्रवारी ती परत आली. दहा वाजेपर्यंत कडकने दम धरला. मग एक भला मोठा गृहस्थ आला, डोक्यावर हेल्मेट तसंच. त्याने अगदी मन लावून, जीभ दाताखाली धरून घडी घातली, आणि ती तिरकी. काठ चार बोटं खाली. मुलीने मान हलवली, जणू फारच छान, आणि चादर झटकून पुन्हा उघडली. मग मात्र कडकच्याने राहवलं नाही. इस्त्रीचं बटण बंद केलं, टॉवेलला हात पुसले आणि चपला घालून तो चौकात गेला.

"सर रे बाबा," त्याने हेल्मेटवाल्याला बाजूला केलं. "आण इकडे. आधी झटका, मग ताण. पोरी, कोपरे अंगठ्याने नाही धरायचे, बोटांत अडकवायचे. हं, असे."

जमिनीवरची दोन टोकं त्याने उचलली. आठ महिन्यांनी चादर हातात आली होती, पण ते त्याच्या तेव्हा लक्षातच आलं नाही. राग असा होता की हात आपोआप चालले. झटका दिला. चादर मध्ये फुगली, खाली बसली. ताणली. आपल्याकडचे दोन कोपरे जुळवले, मुलीने तिच्याकडचे जुळवले. परत एकदा जुळवले. चादर लांब पट्टीसारखी दोघांच्या मध्ये सरळ राहिली. उत्तम. आता फक्त टोकाला टोक आणायचं होतं.

तो उभा राहिला.

मुलगीही उभी राहिली.

तो वाट बघत होता. तीही वाट बघत होती. त्याने टोक किंचित वर करून खूण केली, 'ये.' ती नुसती हसली. जागची हलली नाही. तिच्या पायांभोवती खडूने काढलेला एक गोल होता, पोरांनी काढला असेल असं त्याला वाटलं. मिनिट गेलं, दोन गेली. चादर ताणलेली, दोन्ही टोकांना माणसं, आणि मध्ये कोणी हलत नाही. हळूहळू लोक थांबायला लागले. कुणीतरी कुजबुजलं, "हे म्हातारेही यांच्यातलेच दिसतात." दुसरा म्हणाला, "काय ताकदीने उभे आहेत बघ."

गर्दीत एक नर्सबाई होत्या, ड्यूटी संपवून घरी निघालेल्या, खांद्याला डबा. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि न राहवून म्हणाल्या, "अहो आजोबा, ती नाही यायची. तुम्हीच पुढे व्हा की!"

"मी?" कडक म्हणाला.

"मग कोण, मी?"

लोक हसले. कडकने पायांकडे पाहिलं. चाळीस वर्षांत तो कधी पुढे गेला नव्हता. तो इस्त्रीच्या टेबलापाशी उभा राहायचा आणि टोक त्याच्याकडे यायचं. घडी घालण्याची पद्धत म्हणजे हीच, असंच त्याला वाटत होतं. टोक येतं.

तो चालायला लागला. चालता चालता चादर मध्ये ढिली पडत गेली, ती सांभाळायला हात वर घ्यावे लागले. टोकाला टोक लागलं तेव्हा त्याची बोटं मुलीच्या बोटांना लागली. मग वाकून खालची घडी उचलावी लागली, मागे जाऊन ताणावी लागली, पुन्हा पुढे यावं लागलं. पुन्हा वाकायचं, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. कमरेतून कळ आली. तिसऱ्या फेरीला घडी पूर्ण झाली. सुरेख घडी, वहीसारखी. नर्सबाईंनी "वा!" म्हटलं.

कडकने ती दोन्ही हातांनी मुलीला दिली.

मुलीने मान लववली, दोन कोपरे पकडले आणि फाडकन झटकून सगळी चादर उघडून टाकली.

कडकचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, ही तर चांगली झाली होती!" तो ओरडला. "हिच्यात काय खोट काढलीस? चाळीस वर्षं घड्या घालतोय मी! लॉजच्या मॅनेजरने कधी बोट दाखवलं नाही, आणि तू..."  तो तरातरा दुकानात आला आणि इस्त्री एवढ्या जोरात आपटली की बाहेर किल्लीवाल्याच्या टपरीवरच्या किल्ल्या वाजल्या.

किल्लीवाला दारात येऊन उभा राहिला. तो हसू दाबत होता.

"कडकराव, ती शिकाऊ नाही. कलाकार आहे. काल जेवायच्या सुट्टीत मी बोललो तिच्याशी. हे तिचं काम आहे, उभं राहणं. रविवारपर्यंत आहे. समोर पाटी ठेवलीय तिने, 'दुसरं टोक धराल का?' तुम्हाला इकडून तिची पाठ दिसते, आणि तिथे गेलात तेव्हा रागात चादरीशिवाय काही दिसलं नाही."

"कलाकार? मग गाणं म्हण, नाच कर. चादरीत कसली आलीय कला?"

"ते मला विचारू नका. मला एवढंच कळलं की त्या गोलात ती बोलत नाही आणि गोलातून हलत नाही. यायचं ते आपण."

"आणि माझी घडी का मोडली?"

"आता घडी तशीच ठेवली तर पुढच्याने धरायचं काय?" किल्लीवाला म्हणाला.

कडक अडला की शर्टाला पाणी मारायचा. त्याने एक वाळलेला शर्ट पार भिजवून टाकला.

शनिवारी तो चौकाकडे बघणार नव्हता. सकाळपासून बघत होता. आता पाटीचं माहीत होतं, तेव्हा दिसायला लागलं ते वेगळंच. एक नवराबायको भांडतच आले. दोघांनी दोन कोपरे धरले आणि 'तू खेचतेस', 'तू सोडतोस' करत करत घडी झाली तेव्हा भांडण कुठे राहिलं ते त्यांनाच आठवेना. एक छोटी पोर चादरीखाली शिरून बसली आणि तिला बाहेर काढायला तिच्या आजीला अर्धा तास लागला. एक माणूस सुटकेस घेऊन कडेला उभा होता, कितीतरी वेळ. शेवटी सुटकेस खाली ठेवून तो पुढे झाला, घडी घातली आणि डोळे पुसत निघून गेला. बरेच जण तर थांबलेच नाहीत. त्यांना घाई होती.

पण जे थांबले, त्यांची एक गोष्ट कडकच्या नजरेत भरली. जाताना प्रत्येक जण मुलीला 'थँक्यू' म्हणत होता. मदत यांनी केली, वाकले हे, चालले हे, आणि आभारही हेच मानत होते. उलटाच कारभार. पोलीससुद्धा म्हणाला. आज तो तिसऱ्यांदा आला होता आणि आता काठ बरा जुळवत होता.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. कडक टेबलामागून बाहेर आला आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीतल्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. घड्या घालताना ही तिची जागा. तिथून टेबल लांब दिसत होतं. इतकं लांब असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने हात पुढे धरले, जणू टोक धरलंय, आणि चालला. सहा पावलं. खाली वाकला, घडी उचलली, तीन पावलं मागे, तीन पुढे. वाकला. दीड मागे, दीड पुढे. एका चादरीला इतकं. रोजच्या चाळीस. त्याने वर्षांचा गुणाकार करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला.

तिचे गुडघे दुखायचे. रात्री ती तेल लावत बसायची. तो म्हणायचा, "पाय पसरून बसत जा जरा, फार घाई करतेस." एकदाही तिने म्हटलं नव्हतं की अहो, आज तुम्ही या. आणि त्याला सुचलं नव्हतं. दुष्टपणा नव्हता त्यात. त्याला वाटायचं, टोक येतं.

त्याला रडू आलं नाही. वाटलं ते असं की इतकं कुणीतरी आपल्यासाठी चाललं, रोज, काही न बोलता, आणि आपल्याला ते आज कळतंय. उशिरा का होईना, कळलं तर खरं.

रविवारी लेक आली. मोठी बॅग होती, चाकांची. आल्या आल्या तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि दुकान आवरायला घेतलं. "हे हँगर टाकून द्यायचे का? ही जुनी इस्त्री कशाला हवीय? आणि टेबलाखाली काय आहे?" तिने पिशवी ओढली. "ही तर आपल्या घरची चादर. बाबा, अशी बोळा करून ठेवलीत? तुम्ही?"

कडकने पिशवी तिच्या हातातून घेतली. "थांब," तो म्हणाला. "आलोच."

"कुठे चाललात? बाबा!"

तो चौकात पोचला तेव्हा मुलगी खडूने गोल काढत होती. म्हणजे अजून बोलायला मोकळी होती. त्याला पाहून ती उठली.

"आजोबा! शुक्रवारी तुम्ही रागावून गेलात. सगळ्यांत चांगली घडी तुमची होती."

"होतीच," कडक म्हणाला. मग पिशवी पुढे करून, "आज माझी चादर चालेल का?"

मुलीने पिशवीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. स्वतःची पांढरी चादर तिने बाजूला ठेवली आणि गोलात जाऊन हात पुढे केले.

आठ महिन्यांचा बोळा उलगडायला वेळ लागला. निळ्या काठाची चादर, धुऊन धुऊन मऊ झालेली, सुरकुत्यांनी भरलेली. एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचे चार टाके होते. ती खूण बायकोने घातली होती, लॉजच्या चादरीत घरची मिसळू नये म्हणून. घडी घालताना लाल कोपरा नेहमी तिच्या हातात असायचा. कडकने दोन कोपरे मुलीला दिले आणि आपल्याकडे काय राहिलं ते पाहिलं. लाल टाके त्याच्या उजव्या हातात होते.

बरोबरच होतं. जो चालणार, त्याच्याकडे ती खूण.

त्याने झटका दिला. फार जोरात नाही. दोघांनी कोपरे जुळवले, पुन्हा जुळवले. आणि तो चालला. सहा पावलं. आज त्याने घाई केली नाही. टोकाला टोक दिलं, वाकला, घडी उचलली, मागे गेला, आला. कमरेत कळ आली तेव्हा मनात म्हणाला, असं होतं तर. पोलीस थांबला होता. शुक्रवारच्या नर्सबाई आजही होत्या आणि त्यांनी शेजारच्याला हळूच सांगितलं, "हे आधी हलतच नव्हते." किल्लीवाला टपरी सोडून आला होता. लॉजचा मॅनेजर वरच्या गॅलरीतून बघत होता.

घडी झाली. सुरकुत्या गेल्या नव्हत्या, त्या आता पाणी आणि इस्त्रीनेच जाणार होत्या. पण काठाला काठ होता. मुलीने घडी दोन्ही हातांवर धरली आणि ती थांबली. ही उघडू का नको, ते तिला कळेना.

"उघड," कडक म्हणाला.

तिने भुवया वर केल्या.

"उघड गं. अजून एकदा."

तिने चादर उघडली. तेवढ्यात गर्दीतून लेक पुढे आली. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. तिने मुलीला काहीच विचारलं नाही, नुसता हात पुढे केला. मुलगी चार दिवसांत पहिल्यांदा, काम चालू असताना, गोलाबाहेर आली आणि तिची टोकं लेकीच्या हातात दिली.

झटका. ताण. कोपऱ्याला कोपरा. लेकीला सगळं येत होतं, लहानपणापासून बघतच होती. आणि आईला बघितलेलं असल्यामुळे टोकं जुळताच ती सवयीने चालायला लागली. इकडून कडकही निघाला होता. दोघंही चादर सावरायला खाली बघत होते. बरोबर मधोमध दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"आई गं!" लेक म्हणाली आणि कपाळ चोळत हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. "बाबा, तुम्ही कधीपासून चालायला लागलात? आई म्हणायची, तुझे बाबा म्हणजे खांब. चादर बांधून ठेवली तरी चालेल."

"असं म्हणायची?"

"नेहमी."

"मला नाही कधी म्हणाली."

"तुम्हाला कोण म्हणणार? तुम्ही कडक."

तोही हसला. चौकातले लोक हसले. काही कळो न कळो, हसले. घडी पूर्ण झाली ती जरा तिरकी झाली, दोन बोटं काठ खाली. कडकने ती तशीच काखेत घेतली. मग मुलीकडे वळून, सगळे म्हणत होते ते म्हणावं म्हणून, त्याने तोंड उघडलं. 'थँक्यू' त्याच्या तोंडात बसेना.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला.

"तुम्ही आलात म्हणून," मुलगी म्हणाली, आणि परत गोलात जाऊन तिने आपली पांढरी चादर उचलली. पोलीस पुढे झाला. आज त्याला काठ जुळवायचाच होता.

दुकानात आल्यावर लेक मोठ्या बॅगेपाशी उभी राहिली. बॅग उघडीच होती, आत काही भरलेलं नव्हतं. "मग?" ती म्हणाली. "भरू की नको?"

कडकने घरची चादर बॅगेत ठेवली. "ही तू ने. त्या खोलीतल्या पलंगावर घाल. महिन्यातून दोन दिवस येऊन झोपत जाईन. झाडं बघीन."

"आणि बाकीचे दिवस?"

तो दाराशी गेला, खिळ्यावरचा पुठ्ठा काढला आणि गॅलरीतल्या मॅनेजरला दिसेल असा वर धरून दोन तुकडे केले. मॅनेजरने तिथूनच हात उंचावला. मग कडक किल्लीवाल्याकडे वळला.

"तू. हात धुऊन ये. साबणाने, कोपरापर्यंत. नखंही."

किल्लीवाल्याने हातांकडे पाहिलं, कडककडे पाहिलं. "एका साबणात नाही व्हायचं हे, कडकराव. आणि एक सांगून ठेवतो, माझा गुडघा कामातून गेलाय. मला ते पुढे-मागे काही जमणार नाही."

"चालायचं मी," कडक म्हणाला. "तू नुसता खिडकीपाशी उभा राहा. आणि टोक सोडू नको."